एमएस्सी बॉटनी, शिवाजी विद्यापीठ कोल्हापूर: दोन वर्षं पूर्ण करून लिहिलेला रिव्ह्यू

मागच्या महिन्यात आमच्या गावातल्या दोन मुलींनी फोन करून विचारलं की ताई बीएस्सीला बॉटनी घेऊ का आणि पुढं एमएस्सी करण्यात काही अर्थ आहे का. मला फोनवर पाच मिनिटांत नीट सांगता आलं नाही म्हणून सगळं इथं लिहून काढतेय. मिक्सर घ्यायचा असला तरी आपण पन्नास रिव्ह्यू वाचतो आणि कॉलेजची पाच वर्षं मात्र मैत्रिणीनं फॉर्म भरला म्हणून आपणही भरतो, माझंही तसंच झालेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. बॉटनी घ्यावी का, हे तुम्ही ती कुठं शिकणार यावर ठरवा. जिथं पोरांना पावसाळ्यात खरोखर रानात नेतात, जिथं हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींचं, कपाट विद्यार्थ्याला स्वतः उघडून बघता येतं आणि जिथं बाग म्हणजे ऑफिससमोरच्या चार कुंड्या नाहीत, तिथं डोळे झाकून घ्या. हे तिन्ही नसेल तर दुसरा विषय बघा, कारण नुसती पुस्तकातली बॉटनी पाठ करणं म्हणजे लग्नाची पत्रिका वाचून पोट भरण्यातला प्रकार आहे. कोल्हापूरला हे तिन्ही आहे, म्हणून माझा रिव्ह्यू चांगला आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईल.

मी आजरा तालुक्यातली, घरी ऊस आणि थोडा घनसाळ भात. बीएस्सी जिथं केलं त्या कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिथले लोक वाईट नव्हते. पण चार मुलींत एक मायक्रोस्कोप, त्याचाही आरसा ढिला, उजेड आला की पटकन एकीनं बघायचं आणि तोवर दुसरीनं आरसा धरायचा. नमुने सगळे फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत, इतक्या वर्षांत सगळ्यांचा रंग एकच पिवळट झालेला, नेचा कुठला आणि शेवाळ कुठलं ते बाटलीवरच्या चिठ्ठीवरून ओळखायचं आणि परीक्षेत चिठ्ठी काढून ठेवायचे. जर्नल मागच्या बॅचच्या मुलींचं बघून उतरवायचं. एका आकृतीत झायलेम आणि फ्लोएमची, म्हणजे पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांची, नावं उलटी पडली होती आणि ती चूक किती बॅच तशीच सही होऊन पुढं आली देव जाणे. तीन वर्षांत एकही फिल्ड ट्रिप नाही. आणि कॉलेजच्या कंपाउंडला लागून माळ होता, ऑगस्टमध्ये तो पिवळा-जांभळा होऊन जायचा, आम्ही त्याच्याकडं पाठ करून वर्गात फुलांची सूत्रं पाठ करत बसायचो. हे मला अजून लागतं. पलीकडं काय फुललं होतं ते मला दोन वर्षांनी कळालं, त्यात कवला होता, तेरडा होता, सीतेची आसवं होती, म्हणजे आमचा अर्धा सिलॅबस भिंतीपलीकडं उभा होता.

एमएस्सीचं नाव काढलं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "झाडंच बघायची तर घरची शेती हाय की, त्याला कोल्हापूरला कशाला जायला पायजे?" त्यांना तेव्हा उत्तर देता आलं नाही. एन्ट्रन्स दिली, नंबर लागला, आईनं हॉस्टेलचे पैसे भरले आणि गेले.

पहिला महिना नुसता सेक्शन कापण्यात गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पान किंवा खोड आतून कसं आहे हे बघायला त्याचा इतका पातळ आडवा काप घ्यायचा असतो की त्यातून उजेड आरपार गेला पाहिजे. त्यासाठी मशीन असतं, पण आम्हाला सांगितलं की आधी हातानं जमलं पाहिजे. बटाट्याच्या फोडीला चीर देऊन त्यात पान अडकवायचं, दाढीचं ब्लेड ओलं करायचं आणि स्वतःकडं एका ओढीत सरसर काप घ्यायचे. करवत चालवल्यासारखं मागंपुढं केलं की संपलं. काप पाणी भरलेल्या वॉच ग्लासमध्ये सोडायचे, त्यातला सगळ्यात पातळ, जवळजवळ दिसतच नाही असा, ब्रशनं उचलायचा, सॅफ्रॅनिन नावाचा लाल रंग लावायचा, धुवायचं, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा आणि कव्हरस्लिप एका बाजूनं हळू टेकवत आणायची, नाहीतर बुडबुडा अडकतो. माझ्या बोटांना तीन आठवडे पट्ट्या होत्या. आणि मग एक दिवस कण्हेरीच्या पानाचा काप जमला.

कण्हेर आमच्या दारात आहे, देवाला रोज तिचीच फुलं जातात. त्या पानाच्या खालच्या बाजूला मायक्रोस्कोपमधून छोटी छोटी कुपी-कुपीसारखी भुयारं दिसतात, भुयाराच्या आत केस, आणि त्या केसांच्या आडोशाला पानाची श्वास घ्यायची तोंडं. बाहेर कितीही वारं-ऊन असलं तरी त्या खळग्यात हवा दमट राहते आणि पाणी कमी उडतं. वरच्या बाजूला एकावर एक कातडीचे थर. एप्रिल-मेमध्ये बाकी सगळं माना टाकत असताना कण्हेर दारात हिरवीगार का असते ते मी वीस वर्षं बघत होते आणि विचारलं कधीच नव्हतं. मी हॉस्टेलवर जाऊन आईला फोन केला आणि अर्धा तास कण्हेरीवर बोलले, ती म्हणाली जेवलीस का.

नंतर सरांनी उसाचं पान आणायला लावलं, ते कोल्हापुरात कुठंही मिळतं. याला रंगही घालू नका म्हणाले, तसाच बघा. शिरांभोवती मोठ्या पेशींचं गोल कडं, गर्द हिरवं, जणू प्रत्येक शिरेला कुणी हार घातलाय. त्याला क्रान्झ म्हणतात, जर्मनमध्ये त्याचा अर्थच माळ किंवा हार असा आहे. बाहेरच्या पेशी हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात पकडून ठेवतात आणि आत त्या कड्यातल्या पेशींना पोचवतात, तिथं साखर तयार होते. भाताला, गव्हाला ही सोय नाही, त्यांच्यात कडक उन्हात हेच काम करणारं एन्झाइम कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजन पकडत बसतं आणि कमाई वाया जाते. उसाची ही वेगळी पद्धत आधी हवाई बेटांवरच्या संशोधकांच्या लक्षात आली आणि १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी ती नीट उलगडली. दिवाळीला घरी गेले तेव्हा अण्णांना बांधावर बसून हे सांगितलं. आमच्याकडं को ८६०३२ असतो, ते नाव ते रोज घेतात, पण को म्हणजे कोइमतूर हे त्यांना माहीत नव्हतं. तिथल्या ऊस संशोधन केंद्रानं गोड पण नाजूक उसाचा रानटी काटक उसाशी संकर करून १९१८ मध्ये को २०५ दिला आणि तिथून ही सगळी को नावाची वंशावळ चालू झाली. आणि १९३० च्या दशकात त्याच केंद्रात केरळच्या जानकी अम्मल उसाच्या गुणसूत्रांवर काम करत होत्या, १८९७ चा जन्म, त्या काळातली बाई, पुढं १९४५ मध्ये डार्लिंग्टनसोबत पिकांच्या गुणसूत्रांचा ॲटलास काढला. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंजे आपल्या उसाची आज्जी रानातली हाय." त्यानंतर त्यांनी कोल्हापूरला कशाला जायचं असं विचारलं नाही.

फिजिऑलॉजीचं प्रॅक्टिकल पण छान असतं, सगळंच सांगत बसत नाही, एकच सांगते. पानफुटीचं पान पहाटे तोडून त्याचा रस काढायचा आणि संध्याकाळी त्याच झाडाचं पान तोडून परत, दोन्हीतलं आम्ल टायट्रेशननं, म्हणजे थेंब-थेंब अल्कली टाकून, मोजायचं. सकाळचं चांगलंच आंबट निघतं आणि संध्याकाळी आंबटपणा उतरलेला असतो, कारण हे झाड दिवसा तोंडं बंद ठेवतं आणि रात्री हवा घेऊन ती आम्लाच्या रूपात साठवतं. जिभेनं पण कळतं म्हणतात, आम्ही मात्र थेंब मोजायच्या काचेच्या नळीवर, ब्युरेटवरच विश्वास ठेवला.

आता ज्याच्यासाठी मुख्य लिहायला बसले ते. विद्यापीठाची लीड बोटॅनिकल गार्डन. केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या योजनेतली ही बाग आहे आणि पश्चिम घाटातल्या दुर्मिळ, फक्त इथंच सापडणाऱ्या वनस्पती जगवणं हे तिचं काम. सेरोपेजिया म्हणजे आपली खरपुडी किंवा कंदीलपुष्प, त्यांच्यावर कोल्हापूरला एवढं काम झालंय की बॉटनीवाल्यांत कोल्हापूर म्हटलं की सेरोपेजिया असंच समीकरण आहे. त्या कामातलं डॉ. एस. आर. यादव सरांचं नाव तुम्ही कुठल्याही टॅक्सॉनॉमीवाल्याला, म्हणजे वनस्पतींची ओळख-वर्गवारी करणाऱ्याला, विचारा. भारतात या गटाच्या पन्नासच्या वर जाती आहेत, त्यातल्या बऱ्याच फक्त सह्याद्रीत, काही तर एखाद-दुसऱ्या डोंगरावरच. कंद खायला गोड लागतो म्हणून माणसं खातात, साळिंदर-डुक्कर उकरतात, वर गुरं चरतात, वणवे लागतात.

पहिल्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्या सरांनी असं एक फूल हातात दिलं. बोटभर लांब, खाली फुगीर, मग नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये पाच खिडक्या, अगदी आकाशकंदील. सरांनी ब्लेडनं ते उभं कापलं आणि लेन्स दिली. नळीच्या आत सगळीकडं बारीक पांढरे केस, सगळ्यांची टोकं खाली. आणि तळाशी फुगीर भागात दोन चिलटं, तिळाच्या दाण्याहून लहान, जिवंत, इकडून तिकडं फिरत होती. वासानं माशी येते, नळीत घसरते, केसांवरून खाली उतरता येतं पण वर चढता येत नाही. मी म्हटलं, सर म्हणजे हे कीटक खातं? सर म्हणाले, "खात नाही. पाहुण्याला एक दिवस मुक्कामाला ठेवून घेतं आणि दुसऱ्या दिवशी डबा बांधून देऊन पाठवतं." डबा म्हणजे परागांच्या दोन चिमुकल्या पिशव्या, त्यांना चिमट्यासारखी कळ असते, ती माशीला अडकते. मग आतले केस सुकून पडतात, वाट मोकळी होते आणि माशी पुढच्या फुलात परत फसते तेव्हा डबा तिथं पोचतो. त्यातल्या एका चिलटाला लेन्सखाली खरंच पुढं काहीतरी पिवळं लटकलेलं होतं. त्या दिवशी दुपारी मी मेसला गेलेच नाही.

तुम्हाला हे घरी बघायचं असेल तर सेरोपेजियाच्या मागं लागू नका, शनिवारी मारुतीला जिची माळ घालतो ती रुई घ्या, त्याच खानदानातली आहे. फुलाच्या मधोमध पंचकोनी भाग असतो, त्याच्या बाजूंना पाच उभ्या फटी, प्रत्येक फटीच्या वरच्या टोकाला एक काळा ठिपका. तिथं सुईचं टोक लावून अलगद वर ओढा. दोन पिवळ्या पिशव्या काळ्या कळीला लटकून बाहेर येतात. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात धुवा.

फिल्ड. कोल्हापूरचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे सकाळी निघालं की पन्हाळा-मसाई पठार, राधानगरी, गगनबावडा संध्याकाळपर्यंत करून येता येतं, आंबोलीला मुक्काम करायचा. मुंबई-पुण्यातल्या पोरांना यासाठी नियोजन लागतं, आम्हाला फक्त रेनकोट आणि डबा लागायचा. मसाई पठारावर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी उभी राहून म्हटलं सर इथं तर नुसतं गवत आहे. सर म्हणाले गुडघे टेका. टेकले, आणि पुढचे दोन तास उठले नाही. जांभ्याच्या कातळावर बोटभर माती, त्यात निळी सीतेची आसवं, बोटाच्या पेराएवढी, मातीखाली तिच्या मुळांसारख्या धाग्यांवर फुगे असतात आणि पाण्यातला बारीक किडा टेकला की फुग्याचं दार डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतं आणि त्याला आत ओढून घेतं. कारण त्या मातीत नत्र नाहीच, पावसानं हजारो वर्षं धुऊन फक्त लोखंड-ॲल्युमिनियम शिल्लक राहिलंय, मग नत्र किड्यातून घ्यायचं. शेजारी दवबिंदू, तिच्या पानाच्या केसांवर चिकट थेंब. आणि गेंद, पांढऱ्या मण्यांसारखे, सगळे सारखेच दिसतात पण जाती वेगवेगळ्या, आणि त्या ओळखायच्या तर मिलिमीटरहून लहान बियांवरची नक्षी बघावी लागते. कासला पण गेलो, तिथं ८५० च्या वर फुलझाडांची नोंद आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून ते जागतिक वारसा यादीत गेलं. पण खरं सांगू का, कासला मला रडू यायचं बाकी होतं, लोक फोटोसाठी फुलांच्या गालिच्यात बसत होते, खाली टोपली कारवीची रोपं चिरडत होती, ती सात वर्षांतून एकदा फुलते. शिकायला मसाई आणि आंबोली बरं.

एक छोटी गोष्ट राहिली. कुसळी. लहानपणी माळावरून घरी आलं की परकराला, मोज्यांना कुसळं, आई ओरडायची आणि मी एकेक उपटत बसायची. सरांनी एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला. ते गोल फिरायला लागलं. आपोआप. शेपूट वाळलं की पिळा बसतो, भिजलं की पिळा सुटतो, आणि या फिरण्यात टोकाला असलेलं बी स्क्रूसारखं मातीत शिरतं, उलट्या केसांमुळं परत वर येत नाही. बी स्वतःच स्वतःला पेरतं. आता घरी कुणी पाहुण्यांची मुलं आली की मी हेच दाखवते.

हर्बेरियमबद्दल लोकांना वाटतं वाळलेली पानं चिकटवलेली वही. तसं नाही. ते वनस्पतींचं सातबाराचं दप्तर आहे. कुठल्या गावच्या हद्दीत, कुठल्या तारखेला, काय उगवलं होतं याचा पुरावा. आणि ते बनवायला शिकणं हे या कोर्समधलं माझ्या मते सगळ्यात किमती काम. फूल आणि फळ दोन्ही असलेली फांदी घ्यायची, नंबर टाकायचा आणि तिथंच वहीत लिहायचं, झाडाची उंची, फुलाचा रंग, वास, चीक आहे का, माती कसली, गावात काय म्हणतात. तिथंच, नंतर नाही, कारण वाळल्यावर निळं पण तपकिरी आणि गुलाबी पण तपकिरी होतं. वर्तमानपत्रात पसरून प्रेसमध्ये घट्ट आवळायचं आणि रोज कागद बदलायचा. पावसाळ्यात रोज दोनदा. मी पहिल्या ट्रिपनंतर घरी लग्न होतं म्हणून तीन दिवस गेले आणि आले तर चौदापैकी नऊ नमुन्यांवर बुरशी, पांढरी लोकर, आणि आंबोलीहून इतक्या लांबून आणलेलं सगळं फेकावं लागलं, तो वास अजून नाकात आहे. परत गेले, परत आणलं. खरपुडीसारखी मांसल झाडं आणि ऑर्किड तर प्रेसमध्ये मरतच नाहीत, आठवड्यानं उघडलं तर नवीन पालवी फुटलेली असते, म्हणून आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढायची. वाळल्यावर साधारण ४२ गुणिले २९ सेंटीमीटरच्या जाड कागदावर चिकटवायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल. कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावायची जुनी पद्धत आहे, ते विष आहे, त्यामुळं जुनी शीट हाताळली की हात न धुता काहीही खायचं नाही हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं.

मग ओळखणं. कूकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचं पुस्तक, १९०१ ते १९०८ मध्ये आलेला, अजून टेबलावर असतो, आणि त्याच्या शेजारी यादव आणि सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याचा २००२ चा. फुलाचं अंडाशय कापायचं, आत बिया कशा लागल्यात बघायचं, केस आहेत का, पुंकेसर किती, मग पुस्तकातली 'की', म्हणजे ओळखायच्या पायऱ्या, उघडायची, हे असेल तर इकडं जा, ते असेल तर तिकडं. एक पाऊल चुकलं की सरळ दुसऱ्याच गावात. माझा एक गवताचा नमुना सहा दिवस खात होता, शेवटी सरांनी कपाटातून त्याच जातीची जुनी शीट काढून शेजारी ठेवली आणि चूक पाचव्या पायरीवर होती हे मलाच दिसलं. आजकाल फोनवर फोटो टाकला की ॲप नाव सांगतं, मी पण वापरते, आंबा-जांभळाला ठीक आहे. पण गेंद किंवा गवत टाकून बघा, काहीही सांगतं आणि छातीठोकपणे सांगतं.

त्यात एक अजून शिकवलं जातं ज्याला मार्क नाहीत. काय तोडायचं नाही. शिंदळ माकुडी म्हणून एक आहे, तिला शिवसुमन पण म्हणतात, फक्त महाराष्ट्रातल्या थोड्या कड्यांवर होते, डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं आणि तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावावरून फ्रेरिया नाव ठेवलं. असं काही दिसलं तर फोटो, नोंद आणि चालू लागायचं. आणि फोटो टाकताना जागा लिहायची नाही. ट्रेकवाल्यांना हात जोडून सांगते, तुम्ही चांगल्या मनानं लोकेशन टाकता आणि पुढच्या वर्षी तिथं कंद उकरलेले खड्डे असतात.

आता अर्धा स्टार. यातली बरीचशी तक्रार कुठल्या एका विभागावर नाही, या डिग्रीवरच आहे. सीएसआयआरची नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि रिसर्च फेलोशिपसाठीची परीक्षा, लाइफ सायन्सेसची असते, २०० मार्कांची, त्यात बॉटनी हा एक तुकडा. म्हणजे तुम्ही दोन वर्षं गवतं ओळखायला शिकलात तरी नेटसाठी इम्युनॉलॉजी आणि बेडकाच्या गर्भाची वाढ वाचत बसावं लागतं. सेटचं, म्हणजे राज्याच्या परीक्षेचं, पण तसंच. त्यामुळं सेकंड इयरला अर्धी बॅच फिल्डला यायचं टाळते आणि रूमवर एमसीक्यू सोडवते, त्यांना दोष कसा द्यायचा. एनईपी, म्हणजे नवं शिक्षण धोरण, आल्यावर रिसर्च प्रोजेक्ट आणि ओजेटी, म्हणजे बाहेर प्रत्यक्ष काम करत शिकणं, आलं, कल्पना चांगली आहे, पण मला ओजेटीला मिळालेल्या, बाटलीत रोपं वाढवणाऱ्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये, नाव नको, मी बहुतेक दिवस बाटल्या धुतल्या आणि लेबलं चिकटवली. केळीची रोपं लॅमिनार फ्लोसमोर, म्हणजे जंतू नसलेल्या हवेच्या टेबलासमोर, कशी कापतात ते काचेतून बघितलं. सर्टिफिकेट मात्र छान छापलेलं दिलं. तुम्ही जाल तेव्हा आधीच विचारा की हातात चिमटा देणार का.

नोकरीचं तर विचारूच नका असं म्हणणार नाही, विचारा. कॉलेजात कायम जागा फार थोड्या निघतात, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तासाप्रमाणं पैसे, सुट्टीत काहीच नाही. मी सध्या एका ज्युनिअर कॉलेजात तेच करते आणि जोडीला सर्व्हेची कामं घेते, रस्ता-धरणाच्या आधी तिथं काय झाडं आहेत त्याची यादी करायची, किंवा ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही, जी २००२ च्या कायद्यानं प्रत्येक पंचायतीला करायची असते. या कामात हर्बेरियम येणारा माणूस लगेच वेगळा दिसतो. आयुर्वेदिक औषधांच्या कंपन्यांना कच्चा माल खरा की भेसळ हे सांगणारे लागतात, तिथं सेक्शन कापता येणं उपयोगी पडतं. माझ्या बॅचची एक मैत्रीण फॉरेस्टची तयारी करतेय, एक नर्सरी चालवते आणि खरंच चांगली चालवते. पण डिग्री हातात आली की महिन्याभरात पगार चालू, असं घरचं गणित असेल तर हा कोर्स ताण देईल, हे आधीच घरी बोलून घ्या.

मराठी मीडियमच्या मुलींना इंग्रजीचं टेन्शन असतं, मला पण होतं. पहिलं सेमिस्टर जड गेलं, नंतर नाही, कारण लॅटिन नावं सगळ्यांनाच सारखी परकी असतात. उलट गावाकडच्या पोरींना खरपुडी, कवला, कुर्डू, भारंगी घरून माहीत असतं, शहरातल्या मुलांना ते शून्यातून शिकावं लागतं. मेस साधी आहे, चालते. डीएनएचं प्रॅक्टिकल एकदाच नीट जमलं, खरपुडीच्या खोडात चिकट द्रव इतका असतो की डीएनए काढायला घेतला की ट्यूबमध्ये खळ तयार होते, त्यामुळं त्यावर जास्त लिहिण्याएवढा मला अनुभव नाही.

ॲडमिशनच्या आधी कुठल्याही कॉलेजात जाल तर प्रोफेसरना भेटायच्या आधी शेवटच्या वर्षाच्या पोरांना भेटा. मागच्या पावसाळ्यात किती दिवस रानात होतात विचारा. स्वतः केलेली शीट दाखवा म्हणावं. त्यांनी मोबाइलमधला पीपीटी दाखवला तर काय समजायचं ते समजा. आणि ॲडमिशन झाली की पुस्तकांच्या आधी दहा पटीची हँड लेन्स घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळते, दोऱ्यात ओवून गळ्यात घाला, बॅगेत ठेवली की वापरली जात नाही. ब्लेडचं पाकीट आणि बोटांना पट्ट्या पण घ्या.

गावातल्या त्या दोघींना मी सांगितलंय की निकालाची वाट बघू नका, ऑगस्टच्या शेवटी एक दिवस कोल्हापूरला या, मी सोबत येते, परवानगी काढून बाग बघू. तेव्हा कंदील लागलेले असतात.